एमबीएला मेंटॉर मिळालेत, पहिल्या फोनवर काय बोलू?

प्रश्न: कोल्हापुरात एमबीए फायनान्स, पहिलं वर्ष. कॉलेजनं जोडून दिलेले माजी विद्यार्थी शिरोलीत फाउंड्रीचं (धातू ओतून भाग बनवणारा कारखाना) कॉस्टिंग, म्हणजे उत्पादन खर्चाचा हिशेब, बघतात. सुरुवात कशी करू?

उत्तर १: नोकरीचं लगेच काढू नका, समोरचा तिथंच आखडतो. आधी चार ओळींचा मेसेज टाका, वीस मिनिटं मागा. प्रश्न दोनच, पण नेमके: किलोमागं कास्टिंगचा (ओतीव भागाचा) भाव काढताना वीज कशी धरता? रिजेक्शनचा माल पुन्हा वितळवला, तर नुकसान कशात दाखवता?

उत्तर २: फोनवर ठरलेलं त्याच दिवशी लिहून पाठवा, पुढची तारीखही घ्या. तारखेविनाच मेंटॉर-विद्यार्थी जोड्या बारगळतात. इंटर्नशिपचा विषय या मेंटॉर सरांकडून तपासून घ्याच. ‘कंपनीचा आर्थिक अभ्यास’ असला ढोबळ विषय घेतला की खरे आकडे कुणी देत नाही.

उत्तर ३: शिवाय बॅचमेट सांभाळा. गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतल्या नोकरीच्या जागा बऱ्याचदा जाहिरातीआधी ग्रुपवरच कळतात.