सिंथचा (सिंथेसायझरचा) टोन शून्यापासून बनवायला शिकावं की तयार टोन उघडून?

एकच_ऑसिलेटर: माझं ठाम मत आहे की शिकणाऱ्याने सुरुवातीला तयार टोनना हातच लावू नये. 'इनिट' पॅच, म्हणजे कोरी सेटिंग, घ्या, एकच ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारा भाग) चालू ठेवा, इफेक्ट बंद. सॉटूथ लहरीत सगळे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात, स्क्वेअर लहरीत फक्त विषम. म्हणून क्लॅरिनेटचा पोकळपणा स्क्वेअरमधून निघतो. सनईची नळी शंकूसारखी, तिच्यात सम हार्मोनिकही येतात, तिथे सॉटूथच लागते. हे कानात बसलं की फिल्टर (काही हार्मोनिक कापणारा) आणि एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा) अंदाजपंचे फिरवावे लागत नाहीत. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये टीबी-303 हे बास सिंथ वापरून राग वाजवले. त्या यंत्रात साठवलेला टोन एकही नाही, जे काही ते नॉबवर. आणि आता सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतो, तेव्हा पैशाची सबब नको.

ऑर्केस्ट्रा_कीबोर्ड: अहो साहेब, शनिवारी कार्यक्रम आणि गुरुवारी रात्री गाण्यांची यादी हातात. बासरी, सनई, अ‍ॅकॉर्डियन, सगळं एकाच माणसाने वाजवायचं. पेनड्राइव्हवर तयार टोन मिळतात. लोड करायचे, लेव्हल जुळवायची, रिव्हर्ब बघायचा. पेटीवाल्याला कोणी विचारतं का, सुरपट्ट्या तुम्हीच घासल्यात का म्हणून?

एकच_ऑसिलेटर: सनईचंच बोला मग. सॅम्पलची (रेकॉर्ड केलेल्या सुरांची) सनई सुट्या सुरांत झकास, पण मींड आली की उघडी पडते. दर नव्या सुराला फुंकरीची सुरुवात पुन्हा ऐकू येते. मोनो (एका वेळी एकच सूर), लेगाटो (सुरुवात पुन्हा न होता जोडलेले सूर) आणि थोडा पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर सरकणं) लावलेली साधी सॉटूथ तिथे बाजी मारते.

फिल्टर_अर्धा_उघडा: मी शून्यापासून शिकण्याच्याच बाजूचा, पण हे फार सोपं करून सांगताय. सॉटूथला लो-पास (वरचे हार्मोनिक कापणारा फिल्टर) लावून सनई होत नाही. सूर बदलला तरी वाद्याचे काही अनुनाद जागेवरच राहतात. त्यासाठी एक बँड-पास (मधला एकच पट्टा सोडणारा फिल्टर) वेगळा ठेवून त्याचं की-ट्रॅकिंग (सुराबरोबर सरकणं) शून्य करावं लागतं. नवख्याला हे कोण सांगणार?

सहा_ऑपरेटर: आणि एफएमचं, म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून टोन बनवण्याचं, काय? 1983 चा यामाहा डीएक्स7 घ्या: सहा ऑपरेटर (लहर तयार करणारे भाग), 32 अल्गोरिदम (ते जोडण्याच्या रचना), दोन ओळींचा डिस्प्ले. त्याच्या 'ई पियानो 1' मध्ये एका मॉड्युलेटरचं (दुसऱ्याला हलवणाऱ्या ऑपरेटरचं) मूळ सुराशी गुणोत्तर 14 आहे. सुरुवातीची ती काचेसारखी टिणटिण तिथूनच येते. इनिट पॅचवरून 14 पर्यंत कोण पोहोचेल? मी डेक्स्ड या डीएक्स7 सारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच टोन उघडला, एकेक ऑपरेटर बंद करून ऐकला, तेव्हा एफएम डोक्यात शिरलं. तयार टोन हेच माझं पाठ्यपुस्तक. कोऱ्या पाटीचा हट्ट कशाला?

एकच_ऑसिलेटर: एफएमपुरतं मान्य. पण तुम्ही टोन उघडून बघितलात. नव्वद टक्के लोक फक्त पुढचा टोन, पुढचा टोन करत बसतात.

ऑर्केस्ट्रा_कीबोर्ड: नव्वद टक्के कुठून आणलेत? आणि मींडीसाठी डावीकडे पिच बेंड (सूर वर-खाली वाकवणारं चाक) आहे की.

फिल्टर_अर्धा_उघडा: दादा, डावा हात पिच बेंडवर गेला तर कॉर्ड कोण धरणार?

ऑर्केस्ट्रा_कीबोर्ड: गिटारवाला. त्याला पैसे कशाचे देतो आम्ही?