ट्यूब हेडफोन अँप: महागडा कपॅसिटर आधी की फिलामेंटचं व्होल्टेज आधी?

तलावपाळी, ठाणे

एका मित्राने त्याचा ट्यूब हेडफोन अँप महिनाभरापूर्वी माझ्याकडे आणून ठेवला. पुढे एक 12एयू7, मागे एक 6080 (हे ट्यूबचे नंबर), आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे ओटीएल. परदेशी किट आहे, त्यानेच जोडलेलं. दोन वर्षांत त्याने यात दोनदा ट्यूब बदलल्या, आउटपुटला, म्हणजे हेडफोनकडे जाणाऱ्या वाटेवर, पाण्याच्या पेल्याएवढे फिल्म कपॅसिटर बसवले, आणि तरी तक्रार एकच: आवाज कडक येतो, ट्यूबही लवकर उतरतात. आता पुढचा कुठला कपॅसिटर घालू, असं विचारत होता.

रात्री सव्वाअकराला मीटर लावला. भिंतीतल्या सॉकेटवर 245 व्होल्ट. अँपच्या मागच्या पाटीवर लिहिलंय 220. आणि 6080 च्या 7 आणि 8 नंबरच्या पिनांवर, म्हणजे फिलामेंटवर (ट्यूब तापवणाऱ्या तारेवर), 7.02 व्होल्ट. तिथे हवेत 6.3. दहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे जास्तीत जास्त 6.93. त्याचा अँप रोज रात्री, नेमका ऐकायच्या वेळी, हद्दीबाहेर चालत होता. फिलामेंट जास्त तापलं की कॅथोडवरचा, इलेक्ट्रॉन सोडणारा लेप लवकर संपतो. शिवाय प्लेटचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं.

माझं मत स्पष्टच मांडतो. आपल्याकडे रात्री लोड उतरला की व्होल्टेज चढतं, आणि बाहेरून येणारे बरेच अँप 220 वर बेतलेले असतात. अशा अँपमध्ये पहिला पैसा फिलामेंटच्या व्होल्टेजवर, दुसरा ट्यूबच्या सॉकेटवर, तिसरा व्हॉल्यूमच्या पॉटवर खर्च करावा. महागडे आउटपुट कपॅसिटर बसवून आवाज सुधारतो हे मला मान्य नाही. उलट अनुभव असेल तर जरूर सांगा, पण काय बदललं आणि कसं ऐकलं तेही सांगा.

ऐरोलीपार

व्होल्टेजचं पटलं. कपॅसिटरबद्दलच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे.

माझा अँपही याच घाटाचा, आठ वर्षं वापरात. हेडफोन 300 ओहमचे. गेल्या दिवाळीत 100 मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कपॅसिटर बसवले. मी किशोरीताईंचं गाणं तीस वर्षं ऐकतोय. तानपुऱ्याची जवारी आधी एका धुरकट थरामागून येत होती, नंतर तार न् तार सुटी झाली. बायको आतल्या खोलीत होती, तिला काही सांगितलं नव्हतं. ती बाहेर येऊन हेडफोन लावून म्हणाली, आज स्वच्छ येतंय. आता हे सगळं मनाचे खेळ म्हणायचे का? मीटरवर दिसत नाही म्हणून कानाला ऐकू आलेलं खोटं ठरत नाही.

मोजून_बोला, वाशी

ऐरोलीपार, तुम्हाला फरक ऐकू आला यावर माझा विश्वास आहे. तो कशामुळे आला, एवढाच प्रश्न आहे.

कपॅसिटरमुळे खालचे सूर कुठून कापले जातात ते काढताना बरेच जण फक्त हेडफोनचा रोध धरतात. अँपचा स्वतःचा रोधही त्यात मिळवावा लागतो. 6080 वाल्या ओटीएलचा तो साधारण 100 ते 120 ओहम असतो. 300 अधिक 120 म्हणजे 420 ओहम, कपॅसिटर 100 मायक्रोफॅरड. कापण्याची जागा येते 3.8 हर्ट्झवर. कानाच्या कक्षेच्या कितीतरी खाली. 100 हर्ट्झला तो कपॅसिटर जेमतेम 16 ओहमचा अडथळा करतो, आणि जसजसे वरच्या सुरांकडे जाल तसतसा तो आणखी घटतो. जवारी म्हणजे वरचे हार्मॉनिक्स. तिथे कपॅसिटरवर पडणारं सिग्नलचं व्होल्टेज नगण्य, मग तो बिघडवणार तरी किती?

मी घरी हे करून पाहिलंय. एकाच अँपला दोन्ही जातींचे कपॅसिटर स्विचवर घेतले. आवाजाची पातळी मीटरने 0.1 डेसिबलच्या आत जुळवली, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. मुलीला कागदाआड बसवून स्विच फिरवायला लावला. 16 पैकी 9 वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही एवढंच येतं. 12 आले असते तर मी आज तुमच्या बाजूने लिहिलं असतं.

ऐरोलीपार

तुमचे कान, तुमचं रेकॉर्डिंग, तुमची 16 फेऱ्यांची घाई. परीक्षेला बसल्यासारखं संगीत ऐकलं की कोणालाच काही कळत नाही. मी संध्याकाळी दिवा मालवून तासभर ऐकतो. फरक त्या तासाभरात उलगडतो, दहा सेकंदांच्या तुकड्यांत नाही.

जुना_व्हॉल्व्ह, कळवा

नमस्कार. मी अठरा वर्षं रेडिओ दुरुस्तीच्या बाकड्यावर काढली. बंगळुरूच्या बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) 1961 पासून व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूब, काढायला सुरुवात केली, आमच्या ड्रॉवरमध्ये मुख्यतः तोच माल असायचा. ते सगळं बाजूला ठेवून ऐरोलीपार यांना दोनच प्रश्न. काढलेले जुने कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, ठेवलेत का? ठेवले असतील तर मोजलेत का? आणि त्या दिवशी अँप उघडलाच होतात, तर आणखी काय काय बदललंत?

हे विचारण्याचं कारण असं. 6080 चं नुसतं फिलामेंटच अडीच अँपिअर खातं, म्हणजे जवळपास 16 वॅट. प्लेटची उष्णता त्यावर वेगळी. त्याच्या कुशीत उभा असलेला कंडेन्सर भाजून निघतो. 105 अंशांवर 2000 तास, असं ज्यावर छापलेलं असतं तो 85 अंशांवर साधारण 8000 तास चालतो, कारण दर दहा अंश उतरले की आयुष्य दुप्पट. रोज चार तास ऐकलंत तर साडेपाच वर्षं. तुमची आठ झाली.

सॉलिडस्टेट_बरा

एवढ्या खर्चात चांगला ट्रान्झिस्टर अँप येतो, आउटपुट रोध एक ओहमच्या आत. विषय संपला.

नेरूळची_श्रोती

विषय कसा संपला? मी ट्यूब अँप मुद्दाम घेतलाय आणि त्याचा आवाज मला आवडतो. त्याचं कारणही सांगता येतं. माझे हेडफोन कागदावर 300 ओहमचे, पण खर्जाच्या बाजूला त्यांचा रोध सुमारे 500 ओहमपर्यंत चढतो. अँपचा रोध 120 धरला तर 300 च्या जागी आवाज 2.9 डेसिबलने पडतो आणि 500 च्या जागी 1.9 ने. म्हणजे खर्ज बाकीच्यापेक्षा एक डेसिबल वर. आपण ज्याला ऊब म्हणतो तिच्यात याचा मोठा वाटा आहे. भीमसेनजींचा षड्ज छातीत उतरतो तो मला असाच हवा आहे. एक ओहमचा अँप घेतला की हे जातं. ते कोणाला नकोसं वाटत असेल, मला हवंसं वाटतं.

तलावपाळी यांच्या ट्यूबच्या सॉकेटच्या मुद्द्याला मात्र दोन्ही हातांनी अनुमोदन. आमचं घर खाडीच्या बाजूला. जुलैत डाव्या कानात खरखर सुरू झाली. ट्यूब गेली समजून मी जुन्या साठ्यातली 12एयू7 मागवली, जिची किंमत घरात सांगितलेली नाही. दोन आठवडे ठीक, मग खरखर परत हजर. शेवटी एके दिवशी दोन्ही ट्यूब उपसून उजेडात धरल्या. नव्या ट्यूबच्या पिना चकचकीत, पण सॉकेटच्या एका छिद्रात आतल्या पत्र्यावर काळपट हिरवा थर, आणि त्या पत्र्याची पकड इतकी सैल की पिन नुसती टेकत होती. दात घासायच्या बारीक ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून साफ केलं, सुईने पत्रे किंचित आवळले. ऑक्टोबर संपला, एकदाही खरखर नाही. जुनी ट्यूब परत लावून पाहिली. ती ठणठणीत आहे.

तलावपाळी, ठाणे

ताई, अगदी हेच म्हणायचं होतं मला. माझ्या मित्राच्या अँपमध्येही दोन पिनांवर तोच थर होता. तो आधी दिसला असता तर दुसरी ट्यूब घ्यावीच लागली नसती.

एक भर घालतो. ट्यूब बदलताना नुसती पिनांची जुळणी पाहून भागत नाही. 6डीजे8 च्या जागी 6एन1पी बसते, वाजतेही, म्हणून लोक लावतात. पण पहिलीचं फिलामेंट 365 मिलिअँपिअर घेतं आणि दुसरीचं 600. दोन ट्यूबचा अँप असेल तर ट्रान्सफॉर्मरवर जवळपास अर्ध्या अँपिअरचा जादा भार, तोही आपल्या मे महिन्यात. लॅमिंग्टन रोडला तसा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळेल, पण ठाण्याहून दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, हाती जडशीळ पेटी, हे सगळं एका चुकीच्या ट्यूबसाठी करावं लागतं.

सॉलिडस्टेट_बरा, तुमचा मुद्दा 32 ओहमच्या हेडफोनना लागू आहे आणि तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. 120 ओहमच्या अँपला 32 चा हेडफोन लावला की आवाजाचा चार-पंचमांश भाग अँपमध्येच अडकतो. ज्यांच्याकडे तसेच हेडफोन आहेत त्यांनी ओटीएलवर एक रुपयाही खर्च करू नये.

ऐरोलीपार

जुना_व्हॉल्व्ह काका, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. जुने कपॅसिटर ड्रॉवरमध्येच होते. ऑफिसमधल्या, कपॅसिटर मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर घातले. एक 88 मायक्रोफॅरड, दुसरा 61. दोन्हींवर छापलंय 100.

आणि हो, त्याच दिवशी पॉवर सप्लायचे दोन्ही मोठे कपॅसिटरही बदलले होते. धाग्यावर लिहिताना ते मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. ते मात्र मी फेकून दिले, त्यामुळे त्यांचा आकडा आता मिळणार नाही.

जुना_व्हॉल्व्ह, कळवा

मग धूर तिथला होता, असं मी म्हणेन. आउटपुटचे उतरले होते खरे, पण 61 झाला तरी मोजून_बोला यांच्या हिशेबाने 20 हर्ट्झला अर्धा डेसिबलही जात नाही. सप्लायचे मात्र त्याच पेटीत, तेवढेच भाजलेले. ते कोरडे पडले की 100 हर्ट्झची गुणगुण एचटीवर, म्हणजे ट्यूबच्या प्लेटला जाणाऱ्या मोठ्या व्होल्टेजवर, चढते. ती वेगळी अशी ऐकू येत नाही, पण तानपुऱ्यासारख्या सलग सुराखाली सारखी पडून राहते. ती गेली की माणूस म्हणतो, आज स्वच्छ येतंय. वहिनींचे कान बरोबरच होते.

आता सगळ्यांनाच सांगतो, कारण या धाग्यावरून स्फूर्ती घेऊन कोणीतरी आज रात्री पेटी उघडेल. एचटीचं व्होल्टेज दीडशेच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतं. 10 किलोओहम, 5 वॅटचा रोध इन्सुलेटेड क्लिपांनी लावून रिकामा करा, मग मीटर लावून शून्य बघा, आणि मगच बोट घाला. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट मारू नका. चालू अँपवर मोजताना डावा हात खिशात. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी माझा डावा हात स्वतः धरून खिशात घातला होता, अजून तो तिथेच जातो.

मोजून_बोला, वाशी

काकांशी सहमत. ऐरोलीपार, खात्री करायची असेल तर नव्या सप्लायवर नवे इलेक्ट्रोलिटिक आणि तुमचे फिल्म, अशी तुलना करा. लागेल तितका वेळ घ्या, एकेका कपॅसिटरवर अख्खी संध्याकाळ. फक्त कोणता लावलाय ते दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या.

ऐरोलीपार

करीन. संध्याकाळवाली अट मान्य असेल तर मीही कागदाआडची अट मानतो. फिल्म कपॅसिटर उतरवणार नाही, त्याबद्दल माझं मत आज तरी तेच आहे. पण काल रात्री 11:10 ला, डावा हात खिशात ठेवून, फिलामेंट मोजलं. 6.98. आठ वर्षांत हा आकडा मी एकदाही पाहिला नव्हता. आता यावर उपाय काय?

तलावपाळी, ठाणे

12एयू7 चे 0.3 आणि 6080 चे 2.5, मिळून 2.8 अँपिअर. फिलामेंटच्या वायरीत 0.22 ओहमचा वायरवाउंड रोध टाका. 0.6 व्होल्ट उतरतील, 6.4 च्या आसपास याल. त्यावर पावणेदोन वॅट जळतात म्हणून 5 वॅटचाच घ्या आणि कपॅसिटरपासून लांब, चासीच्या कडेला बसवा. वीसेक रुपयांत येतो. दिवसा व्होल्टेज 230 असेल तेव्हाही एकदा मोजा, तेव्हा ते 6 च्या आसपास दिसेल. 5.67 च्या खाली जायला नको.