गॅस भरण्याआधी ड्रेन बघा
फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेल्या एसीचं पाणी छतातून टपकतंय, गॅस भरून घेऊ का, असं विचारलंत. थांबा, आधी ड्रेन, म्हणजे एसीचं पाणी बाहेर नेणारा पाइप, बघा. मेन स्विच बंद करून एसीचं पाणी जमा होतं त्या ट्रेमध्ये मगभर पाणी हळूहळू ओता. ड्रेन पंप (ट्रेमधलं पाणी वर उचलून बाहेर टाकणारा) नसेल आणि तरी दुसऱ्या टोकाला धार लागली नाही, तर पाइपात गाळ अडकलाय किंवा उतार चुकलाय. मीटरला निदान १ सेंटीमीटर उतार हवाच. खरं तर ही चाचणी फॉल्स सीलिंग बंद करण्याआधीच करायची असते.

आणि एसीचं युनिट फॉल्स सीलिंगच्या फ्रेमला लटकवलेलं दिसलं, तर त्याखाली कुणाला झोपू देऊ नका! ते स्लॅबमधल्या अँकरांना, चार रॉडवर टांगलेलं हवं. ट्रेपर्यंत हात पोचेल एवढं उघडझाप करता येणारं झाकणही फॉल्स सीलिंगमध्ये ठेवा. आमच्याकडे ते नव्हतं, साफसफाईसाठी छत कापावं लागलं.