जुना पंखा दुरुस्त करायचा की सरळ नवा बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारा, कमी वीज खाणारा पंखा) घ्यायचा?

रानवारा: हॉलमधला पंखा हळू फिरायला लागला म्हणून वायरमनला बोलावलं, त्याने खालूनच बघितलं आणि म्हणाला, जुना झालाय, नवीन घ्या. अहो पण पंखा हळू झाला की बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा पार्ट) उतरलेला असतो, २.५ मायक्रोफॅरॅडचा, शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि बदलायला पंधरा मिनिटं लागतात. खरखर येत असेल तर बेअरिंग. कॉईल जळाली तरी रिवाइंडिंग, म्हणजे नवी तार गुंडाळून मिळते. तांब्याची वाइंडिंग असलेला चांगला जड पंखा भंगारात घालायचा हे मला पटतच नाही. तुम्ही काय करता?

सविता_ठाणे: मी नवीन घेते आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. जुना पंखा फुल स्पीडला ७५ वॉट खातो, बीएलडीसी ३०च्या आसपास. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरा, १६२ युनिट वाचतात. ८ रुपये युनिट लावलं तरी जवळपास १३०० रुपये. दोन-अडीच वर्षांत पैसे वसूल की!

रानवारा: हिशोब मान्य, पण दिवसभर चालणाऱ्या पंख्यापुरता. आतल्या खोलीतला तासभर चालतो तो पण काढणार का? आणि बीएलडीसीचं बोर्ड उडालं की त्याच मॉडेलचं लागतं, ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. वॉरंटी संपली असेल तर मग बसा शोधत.

वाइंडिंगवाला: बोर्डाचं अगदी खरं. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, साधा पंखा असो की मिक्सर, कपलर, कार्बन ब्रश सगळं हाताशी असतं, पण बोर्ड आलं की मला गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं, फार वाईट वाटतं. फ्रान्समध्ये २०२१ला मोबाईल, लॅपटॉप, वॉशिंग मशीनवर दुरुस्तीला किती सोपं याचे दहापैकी मार्क दाखवणं सक्तीचं केलं. आपल्याकडे केंद्राने २०२२ला राइट टू रिपेअर म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलंच केलं, पण मला सर्किट डायग्राम आणि सुटे पार्ट पाहिजेत, त्याशिवाय मी काय रिपेअर करणार?

अकोलेकर: सगळं ठीक आहे हो, पण माझी आई एकटी राहते, मे महिन्यात पंखा बंद पडला आणि वायरमन उद्या येतो उद्या येतो करत राहिला. तिने स्टुलावर चढून कपॅसिटर बदलायचा का? मी त्याच संध्याकाळी नवा बसवून घेतला, परत तीच वेळ आली तर परत तेच करीन.

रानवारा: आईंच्या बाबतीत मीही तेच केलं असतं. पण काढलेला पंखा कुठेय? भंगारात दिला नसेल तर दुकानात टाका, आतल्या खोलीला लागेल.