धिंगरीची पिशवी तळाला हिरवी पडली

बी-२०४: धिंगरीच्या (ऑयस्टर अळिंबीच्या) पिशवीत तळाला हिरवा पट्टा आलाय, वर पांढरंशुभ्र आहे. बी खराब निघालं का?

ए-३०१: काकू, बी चांगलं आहे, नाहीतर वरही पांढरं धरलं नसतं. तळाला पाणी साचलंय, त्यावर ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी माजलीय. पिशवी उघडू नका. ती हिरवी पूड म्हणजे बीजाणूच, बाकीच्या पिशव्यांवर जाऊन बसेल.

बी-२०४: काड बारा तास भिजवून गरम पाण्यातूनही काढलं होतं.

सी-१०२: किती गरम? ८० अंशांवर पूर्ण एक तास हवं. बादलीत उकळतं पाणी ओतून भागत नाही, भिजलेलं काड ते लगेच निववतं. पातेलं गॅसवरच ठेवा, थर्मामीटर लावून. मग जाळीवर निथळू द्या. मूठ घट्ट आवळली तर थेंब पडायला नको, तळवा मात्र ओला लागला पाहिजे. सगळी मेख तिथंच आहे.

ए-३०१: आणि काड पूर्ण गार झाल्यावरच बी घालायचं. दोन किलो ओल्या काडाला ४० ग्रॅम. चार बोटांचा थर, कडेनं बी, दाबून पुढचा थर. टाचणीनं २५-३० भोकं, त्यातली चार-पाच तळाला. तळाची हमखास राहतात.

डी-४०४: गावाकडं उसाचं पाचट भरपूर आहे. चालेल?

ए-३०१: चालतं दादा, पण सोयाबीनचं काड मिळालं तर तेच घ्या. नत्र जास्त, पीक जास्त. मात्र गरम पाण्यातून काढण्यात कसूर झाली तर हिरवी बुरशीही त्यावरच आधी येते. पावसात काळं पडलेलं काड घेऊच नका.

सी-१०२: १५-१८ दिवसांत पिशवी पांढरी झाली की प्लास्टिक काढा. भोवती ओलं गोणपाट लावा, पण खिडकी उघडी ठेवा. देठ लांब नि छत्री बारीक आली तर हवा कमी पडतेय. कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या असताना थेट फवारा मारू नका. छत्रीची कड वर वळायच्या आत पिळून काढा. उशीर केला तर बीजाणू उडतात, दमेकऱ्याला खोकला सुटतो. म्हणून झोपायच्या खोलीत पिशवी नकोच.

बी-२०४: मग ही टाकून देऊ?

ए-३०१: चार दिवस बाकीच्यांपासून लांब, बंदच ठेवा. पट्टा तिथंच थांबला तर वरच्या भागाला पीक येईल. वर सरकला तर सोसायटीबाहेर खड्डा करून त्यात रिकामी करा आणि वर माती ओढा. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये मात्र धिंगरी भरू नका, तेव्हा दुधी अळिंबी घ्या, ती ३०-३५ अंशांत येते.