अनुभव धागा: व्यायामाआधीचं ‘हर्बल’ आणि छातीतली धडधड

टिळकवाडीकर
काल बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरताना सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं दिसली. पळायच्या आधी एकजण बाटलीत हिरवी पूड घुसळत होता. विचारलं तर म्हणतो, "काका, हर्बल हाय, काय होत नाही." आमची तालीम आठवली. वस्ताद मेहनतीआधी पोटात काही जाऊ द्यायचे नाहीत. थंडाई नंतर. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटायची पाळी बारक्या पोरांची, आणि घोटून घोटूनच दंड भरायचे. तुमच्याकडे व्यायामाआधी कोण काय घेतं? हृदयावर काय परिणाम जाणवला? चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

वडगावची वहिनी
आमच्या धाकट्या दिरांचं सांगते. डब्यावर पानाचं चित्र. रिकाम्या पोटी घेतलं, वर नेहमीची कॉफी. बेंचवर आडवे झाले तर छाती इतकी धडधडायला लागली की बनियन हलताना दिसत होता म्हणे. ईसीजी झाला, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, डबा आणा. मागची बारीक अक्षरं मोबाईलवर मोठी करून वाचली: ग्वाराना (एक परदेशी वेल), ग्रीन टीचा अर्क आणि कॅफीन वेगळं. ग्वारानाच्या बीत कॉफीच्या बीपेक्षा जास्त कॅफीन असतं, हे तेव्हा कळलं. कशात किती ते नाहीच, सगळ्याचा मिळून एकच आकडा. दूध उतू चाललंय, येते.

लाल माती
पान बघून घेतला व्हय डबा? तंबाखूलाबी पानच असतंय की 😂

निपाणीकर
तंबाखू म्हटलं की आमच्याकडं बघायचं काय कारण? 😄

लाल माती
नाव घेतलं का कुणी? आपणच उठून उभं राहिलास.

खानापूरचा काढेवाला
दुकानात पोरं अर्जुनसाल मागतात, "हार्ट स्ट्राँग करायला". अर्जुनाचा क्षीरपाक म्हणजे 1 भाग साल, 8 भाग दूध, 32 भाग पाणी, आणि पाणी आटेपर्यंत मंद आच. एवढा वेळ कुणाला आहे! त्यावर छोट्या चाचण्या झाल्यात, पण हृदयाच्या रुग्णांवर, त्यांच्या चालू गोळ्यांच्या जोडीला. पळायला दम यावा म्हणून नव्हे. परवा एक गिऱ्हाईक लसणाच्या कॅप्सूल मागत होतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू. दोन्हींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांकडं पाठवलं. बायको म्हणते, असाच धंदा कर, मग बघू.

शाळेतली बाई
व्यायामाचं नाही, तरी लिहिते. आमच्या शाळेतल्या ज्येष्ठ बाई घशासाठी ज्येष्ठमध सतत चघळायच्या, प्राणायामालाही तोंडात तेच. बीपीची गोळी चालू, तरी बीपी खाली येईना. पायात गोळे. रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी. ज्येष्ठमधानं पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, आणि लघवी जास्त करणारी गोळी असेल तर आणखीच. पोटॅशियम फार उतरलं तर ठोके चुकायला लागतात. चघळणं थांबवल्यावर हळूहळू जागेवर आलं. मुलं मात्र अजून तेवढाच गोंगाट करतात.

अनगोळचा पळ्या
माझं बीट. पळायच्या दोन-तीन तास आधी रस. त्यातल्या नायट्रेटनं रक्तवाहिन्या सैल होतात, दम टिकतो, बीपीही थोडं उतरतं. मित्राला सांगितलं, त्यानं प्यालं आणि सकाळी सहाला फोन, "अरे, लघवी लाल झालीय!" अर्धी गल्ली जागी केली गड्यानं. बीपी मुळात कमी असेल तर मात्र चक्कर येते, जपून.

कॅम्पातला माजी सैनिक
एफेड्राही झाडपालाच. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेनं 2004 साली पूरक आहारात त्यावर बंदी घातली. कॅफीनचं सांगायचं तर निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, आणि काही डब्यांत एका चमच्यातच 300 असतं. भरतीचं 1600 मीटर पळायला सराव लागतो, डबा नाही. पोरांना इथं भर उन्हात पाण्याशिवाय पळताना बघतो, डोकं फिरतं.

निपाणीकर
साहेब, भरती कधी आहे? भाचा विचारूलालाय.

कॅम्पातला माजी सैनिक
सैन्याच्या वेबसाईटवर बघायला सांगा. एजंटला पैसे देऊ नका म्हणावं.

वडगावची वहिनी
आले. दूध गेलंच. दीर आता बरे आहेत, एक केळं खाऊन जातात. तो डबा अजून माळ्यावर आहे, सासूबाई टाकू देत नाहीत, "पैसे पडलेत" म्हणे.

गोकाकचा पाहुणा
वडिलांना स्टेंट आहे. फिरायला जायच्या आधी अश्वगंधा घेऊ म्हणतात. चालेल का हो?

खानापूरचा काढेवाला
थायरॉईडची गोळी आहे का? अश्वगंधानं थायरॉईडचं प्रमाण वाढू शकतं, मग धडधड सुरू. बीपी, साखरेच्या गोळ्यांबरोबरही विचारून घ्यावं लागतं. स्टेंट घालणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, आणि चालू असलेलं सगळं सांगा, काढेसुद्धा.

गोकाकचा पाहुणा
थायरॉईडची गोळी आहे की! उद्याच फोन करतो.

शाळेतली बाई
उद्या रविवार आहे हो. परवा करा, आणि तोवर बाटली कपाटात ठेवा.