मदत हवी आहे: चपलेचा अंगठा चावतोय, नमुना कशाचा करू?
नमस्कार मंडळी, मी निपाणीकडचा, घरात कोल्हापुरी चपला करायचं काम आहे (२०१९ ला जीआय, म्हणजे ठराविक भागाच्या मालाला देतात ते भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हापण आहे की, लोकांना वाटतंय फक्त कोल्हापूरच). आता ऑनलाईनची गिऱ्हाईकं म्हणतात अंगठा चावतोय. बाबा म्हणतात तेल लावायला सांग, आठ दिवसात मऊ होतंय. पण मी ते डिझाईन थिंकिंगचं वाचलंय, आधी घालणाऱ्याला नीट बघायचं, मग स्वस्तातला नमुना करायचा, वापरायला द्यायचा, परत सुधारायचा, म्हणून पुठ्ठ्याचे कापले तर पुठ्ठा काय चामड्यासारखा वाकतोय होय! नमुन्याला दुसरं काय वापरू? आणि गिऱ्हाइकाला विचारायचं तरी काय, 'छान आहे' सोडून कोण काय सांगतच नाही. खिळा आणि फोम सोडून काहीपण सुचवा.